गल्लीभर यजमान

आमच्या देशात नाताळ दोन, ईस्टर दोन, नवी वर्षं दोन आणि बैराम, म्हणजे ईद, दोन. देशाचा म्हणून जो दिवस आहे, त्यावर मात्र एकमत नाही. अर्धा देश त्या दिवशी झेंडे लावतो आणि उरलेला अर्धा मुद्दाम कामावर जातो, मग एरवी कामाचा कितीही कंटाळा असो. सणांच्या रजेचा कायदा असा, की ज्यानं त्यानं आपापल्या धर्माची रजा घ्यावी. कायदा करणाऱ्यांना शेजार नसावा. शेजाऱ्याकडे सण असताना कामावर जाणार कोण? त्यामुळे डिसेंबरअखेर आम्हा कॅथलिकांचा नाताळ लागला की जानेवारी सरेपर्यंत आमच्या तूझ्ला शहरात गळका नळसुद्धा कुणी दुरुस्त करून देत नाही. मी शिवणकाम करते, मला विचारा. डिसेंबरात घेतलेलं माप फेब्रुवारीत कुणालाही होत नाही.

या सगळ्या सणांचा नियम एकच. ज्याचा सण त्यानं घर सोडायचं नाही. दार लोटून ठेवायचं, चुलीवर कॉफी ठेवायची आणि येईल त्याला खाऊ घालायचं. भांडलेला माणूस आला तरी त्याला दारातून परत पाठवता येत नाही, म्हणून आमच्याकडे भांडणं मिटतात ती सणालाच. मुसलमानांच्या बैरामला आम्ही जातो. ऑर्थोडॉक्स घरात स्लावा असते, म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस, तिला मुसलमान जातात. स्लावाला तर बोलवायचीही पद्धत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि जो येत नाही तो यजमानाच्या बरोबर लक्षात राहतो.

हे गाडं चालतं ते एकाच गोष्टीच्या जोरावर, की दोघांचे सण एका दिवशी येत नाहीत. पण बैराम चंद्रावर चालतो आणि दर वर्षी थोडा थोडा अलीकडे सरकतो. सरकत सरकत त्या वर्षी कुर्बान बैराम, म्हणजे बकरी ईद, नेमका वीस जानेवारीला, संत योव्हानच्या दिवशी येऊन बसला. आमच्या गल्लीत एक घर ऑर्थोडॉक्स, ओस्तोयाचं, आणि त्याच्या घराण्याचा संत हाच योव्हान. एक कॅथलिक, माझं. बाकी सगळी मुसलमानांची. म्हणजे त्या दिवशी अख्खी गल्ली यजमान, आणि जिला कुठलाच सण नाही अशी पाहुणी मी एकटी. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. माझी गत उलटी होती, घरं पुष्कळ आणि पोट एकच.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ओस्तोया कायमचा ऑस्ट्रियात, लिंत्सला चालला होता, आणि त्याचं आणि रिफेतचं बोलणं नव्हतं.

रिफेत म्हणजे ओस्तोयाचा शेजारी, भिंतीला भिंत. दोघांनी मिठाच्या कारखान्यात एकाच कढईवर तीस वर्षं काढली. ओस्तोयाची बायको गेली, लेक ऑस्ट्रियात, ती बाबा या, बाबा या म्हणून मागं लागलेली. ऑक्टोबरात त्यानं घर विकायचं ठरवलं, आणि रिफेतला सांगितलं नाही. आमच्याकडे घर विकायचं तर आधी शेजाऱ्याला विचारतात, घेणार का म्हणून. त्याच्या खिशात दमडी नसली तरी विचारतात. रिफेतला ही बातमी कळली ती न्हाव्याच्या खुर्चीत, अर्ध्या गालाला साबण असताना. तो तसाच उठून आला. मी समोरच्या खिडकीत होते.

"विकलंस?"

"तुला सांगणारच होतो रे."

"कधी? लिंत्सहून पत्र टाकून?"

"माझी जीभ रेटत नव्हती."

"मग जा की," रिफेत म्हणाला. "कुणी धरून ठेवलंय तुला?"

परक्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण युद्ध लागलं तेव्हा ओस्तोयाच्या धर्माची कितीतरी माणसं शहर सोडून गेली आणि हा गेला नाही. सगळे हिवाळे आमच्याबरोबर पाण्याच्या रांगेत उभा राहिला. त्याला 'जा' म्हणणारे तेव्हा दोन्हीकडे होते. रिफेत त्यांतला नव्हता. म्हणून तो शब्द रिफेतच्या तोंडून ऐकल्यावर ओस्तोयानं फाटक लावून घेतलं. अर्धी दाढी घेऊन रिफेत कितीतरी वेळ त्या फाटकाकडे बघत उभा होता. त्याला तेव्हाच माफी मागता आली असती. पण सुंभ जळेल, पीळ जायचा नाही, अशातले हे दोघे.

तर त्या सकाळी मी आधी ओस्तोयाकडे गेले. पाद्री येऊन, स्लावाचा पाव कापून, घाईनं पुढच्या घरी गेला होता. ओस्तोया काळा सूट घालून दाराकडे तोंड करून बसला होता. टेबलावर उंच मेणबत्ती, उकडलेल्या गव्हाचा वाडगा, भाजलेलं डुकराचं पिल्लू. आणि चुलीवर वेगळ्या पातेल्यात वासराचं मटण, वेगळ्या डावासकट. ते दर वर्षी रिफेतसाठी असायचं.

मी चमचाभर गहू तोंडात टाकला, स्लावाच्या शुभेच्छा दिल्या आणि म्हटलं, "ओस्तोयाभाऊ, आज बैराम आहे. तुम्हीच जा ना त्यांच्याकडे."

"मेणबत्ती पेटलीय. ती सोडून यजमान बाहेर पडत नाही."

"मी बसते मेणबत्तीपाशी."

"आणि तेवढ्यात तो आला तर? माझ्या शेवटच्या स्लावाला तो यायचा, आणि दारात कॅथलिक विधवा बसलेली. काय वाटेल त्याला?"

"वाटेल, ओस्तोयाचं लग्न ठरलं."

त्याला हसू आलं नाही. "चूक माझी आहे यान्या, न सांगता विकलं ते. मान्य. पण शब्द त्याचा आहे. त्यानं यायचं."

"लेक नाही आली?"

"तिला रजा मिळाली नाही. ऑस्ट्रियात आज काहीच नाही म्हणे. ना बैराम, ना योव्हान. नुसताच गुरुवार."

त्या नुसत्या गुरुवारात हा माणूस राहायला चालला होता. मला गलबलून आलं आणि ते लपवायला मी डुकराचा आणखी एक तुकडा घेतला.

मग रस्ता ओलांडून नाही, फक्त चार पावलं चालून मी रिफेतकडे गेले. तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. पुतणे, भाचे, मुली, जावई, सगळे म्हाताऱ्याच्या हाताला ओठ लावायला आलेले. रिफेत मशिदीत वर्षातून दोनदा जातो, दोन्ही बैरामना, आणि घरी येऊन धार्मिक माणसासारखं तोंड करून बसतो. पडवीतल्या खिडकीत बोकडाची मागची तंगडी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. कुर्बानीच्या मटणाचा एक हिस्सा शेजाऱ्यांचा असतो.

"तिला हात लावू नकोस," रिफेत म्हणाला. "ती त्याची आहे."

"द्या, मी नेते."

"कुर्बानीचं मटण शेजाऱ्याच्या हातातून शेजाऱ्याच्या हातात जातं. टपालानं जात नाही."

"मग द्या नेऊन."

"माझ्या घरी बैराम आहे. दिसत नाही तुला? आणि मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. धाकट्यानं मोठ्याकडे यायचं."

"जाणाऱ्याकडे राहणाऱ्यानं जायचं, अशीही रीत आहे."

"त्याला जायला सांगितलं कुणी?" रिफेत फणकारला, आणि लगेच गप्प झाला. कुणी सांगितलं ते त्याला आठवलं असावं.

त्याची बायको झुमरा स्वयंपाकघरात बकलावाचे, म्हणजे पाकातल्या मिठाईचे, तुकडे करत होती. ती मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "अगं, मी काय करू या माणसाचं? झोपेत ओस्तोयाशी गप्पा मारतो. परवा हसलासुद्धा. दिवसा नाव काढू देत नाही."

"झोपेत काय बोलतो?"

"कढईचं. पाणी चढलं, झाकण लाव, असलं काहीतरी."

मी आणखी चार घरं केली. प्रत्येक घरात यजमान दाराकडे बघत बसलेला आणि घरचीच माणसं पाहुणी होऊन बसलेली. सगळ्यांनी मला विचारलं, ओस्तोयाकडे कोण कोण आलंय गं? आणि सगळ्यांनी मान हलवून सांगितलं, आम्ही गेलो असतो, पण आज आमचाच सण. एकाचंही चुकत नव्हतं. आमच्याकडे फार मोठा अन्याय होतो तेव्हा बहुतेक सगळ्यांचं बरोबरच असतं.

दुपारी मी पुन्हा ओस्तोयाकडे डोकावले. गव्हाच्या वाडग्यात माझ्या एकटीच्या चमच्याची खूण होती. वासराचं मटण त्यानं तीनदा गरम केलं होतं. वाऱ्यानं फाटक वाजलं तसा तो अर्धा उठला, मग बसला आणि म्हणाला, "बिजागरीला तेल हवं. आता नवा मालक घालेल."

माझं डोकं फिरलं. मी तडक रिफेतच्या बैठकीत गेले आणि भर पाहुण्यांत उभी राहून सांगितलं, "ओस्तोयाकडे कुणीही आलेलं नाही."

 रिफेतनं कप खाली ठेवला. "कुणीच नाही?"

"पाद्री. त्याला पुढे चार घरं होती."

"पण त्याच्या स्लावाला तर बसायला जागा मिळायची नाही."

"ती माणसं एक तर मेली, नाहीतर निघून गेली. उरली ती सगळी तुमच्या धर्माची, आणि त्यांच्याकडे आज बैराम. तो तिथं गव्हाचा वाडगा घेऊन बसलाय."

 रिफेत जावयाकडे, सेनाहिदकडे वळून म्हणाला, "कम्युनिस्ट पार्टीच्या राज्यात बैरामची सुट्टी नव्हती. मागायचीही सोय नव्हती. मागितली तर चौकशी, देवधर्म कधीपासून सुरू केलास म्हणून. माझ्या प्रत्येक बैरामला मला ताप यायचा, आणि माझी पाळी कोण करायचं ठाऊक आहे?"

"ओस्तोयाकाका," सेनाहिद म्हणाला. घरातल्या तान्ह्या पोरालाही ते ठाऊक होतं.

"आणि त्याच्या स्लावाला त्याची कंबर धरायची. त्याची पाळी मी करायचो. तीस वर्षं त्याचा सण मी कढईवर काढला आणि माझा त्यानं. सणाला एकत्र बसायला आम्हाला मिळालं ते सरकार बदलल्यावर, म्हातारपणी. आणि त्यातही आता हे." तो उठला. "चला, उठा सगळे."

"कुठं, बाबा?"

"ओस्तोयाकडे. ज्यानं ज्यानं माझ्या हाताला ओठ लावलेत त्यानं जाऊन त्याच्या हाताला लावायचे. म्हाताराच आहे तोही. सेनाहिद, तू गल्लीतल्या प्रत्येक दारावर जा. म्हणावं रिफेतनं सांगितलंय, घरटी कमीत कमी दोन माणसं. बैराम चार दिवस आहे, पळून जात नाही. त्याला आजचाच दिवस आहे."

"आणि तुम्ही?"

"मी कसा येणार?" रिफेतला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमचं बोलणं नाही."

मी जन्मात इतका गाढव आणि इतका भला माणूस एकाच कोटात पाहिला नव्हता.

मग आमच्या गल्लीनं एक मिरवणूक पाहिली. पुढं झुमरा बकलावाची परात घेऊन, मागं तिच्या मुली, पुतणे, मग दारादारांतून निघालेली माणसं, टोप्या नीट करत, बुटांवरचं बर्फ झटकत. ओस्तोयानं दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. सेनाहिदनं त्याचा हात धरून ओठांना लावला. "स्लावाच्या शुभेच्छा, काका." ओस्तोया म्हणाला, "बैराम मुबारक, पोरा." मग दोघांनाही पुढं काय करायचं ते सुचेना, तेव्हा मी म्हटलं, आत घ्या आधी, थंडी येतेय.

घर भरलं. खुर्च्या पुरेनात म्हणून बांधून ठेवलेली खोकी पुन्हा ओढून काढली आणि लोक त्यांवर बसले. गहू संपला. वासराचं मटण तर डावानं पातेलं खरवडेपर्यंत संपलं, आणि डुकराचं पिल्लू शेजारी तसंच तकाकत बसलं होतं, त्याला मी एकटी किती पुरणार? हशा चालला होता, कपबश्यांचा आवाज चालला होता. ओस्तोया सगळ्यांना वाढत होता आणि प्रत्येक नव्या माणसाच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. शेवटी त्यानं सेनाहिदला हळूच विचारलं, "सासरा कुठाय?"

"घरी."

"त्याच्याकडे कोण आहे?"

"कुणी नाही. सगळे इथं आलो."

"झुमरा?"

"ती काय, तुमच्या चुलीपाशी."

ओस्तोयानं हातातली बाटली खाली ठेवली. "बैरामच्या दिवशी रिफेत एकटा बसलाय? आणि तुम्ही इथं मटण हाणताय? लाज वाटते का तुम्हाला?"

"त्यांनीच पाठवलं, काका."

"तो सांगेल काहीही. त्याला अक्कल असती तर काय हवं होतं?" त्यानं खुंटीवरचा कोट ओढला. घरभर पाहुणे, मेणबत्ती अर्धी जळलेली, आणि यजमान बाहेर निघाला. असं आमच्याकडे कुणी कधी पाहिलेलं नाही. दारात मला म्हणाला, "यान्या, मेणबत्तीकडे बघ." सकाळी जिला दारातही बसू द्यायला तयार नव्हता, तीच मी.

मेणबत्तीकडे मी झुमराला बघायला सांगितलं आणि रिफेतच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. लाज कसली त्यात? दिवसभर पाय मोडून घेतले होते ते कुणासाठी?

दोघं टेबलाशी समोरासमोर बसले होते. रिफेतनं कॉफी ओतली. ओस्तोया प्यायला. रिफेतनं पुन्हा ओतली. बोलणं ऐकू येईना म्हणून मी काचेला कान लावला, तर बोलणंच नव्हतं. रिफेत अधूनमधून बकलावाची ताटली पुढं सरकवायचा आणि ओस्तोया एक तुकडा तोंडात टाकायचा. एवढंच. माझे पाय गारठले तेव्हा मी परत फिरले.

दिवेलागणीला ओस्तोया आला तो काखेत फडक्यात गुंडाळलेली तंगडी घेऊन. पाहुणे पांगले होते. त्यानं रीतीप्रमाणे वाइनच्या थेंबांनी मेणबत्ती विझवली.

"झालं ना सगळं नीट?" मी विचारलं. "काय बोललात?"

"काही नाही. आमचं बोलणं नाही."

"इतका वेळ बसलात की!"

"बसलो," तो म्हणाला आणि तंगडी बॅगेत कशी बसवायची ते बघायला लागला.

सकाळी टॅक्सी आली. गल्लीतली सगळी माणसं फाटकाशी जमली, झुमरा मोठ्यानं रडत होती. रिफेतचं दार बंद. ओस्तोयानं सगळ्यांना मिठ्या मारल्या, माझ्या गालांचे मुके घेतले, आणि त्या दाराकडे एकदाही न बघता गाडीत बसला. गाडी वळली तशी मी रिफेतच्या घरात घुसले. आज याला असं सुनवायचं ठरवलं होतं, की पुढच्या बैरामपर्यंत पुरेल.

तो पडवीतल्या बाकावर बसला होता. अंगात कोट, पायात बूट, डोक्यावर टोपी.

"गेला?"

"गेला. आणि तुम्ही तयार होऊन इथं बसलात? केव्हापासून?"

"अंधार होता तेव्हापासून."

"मग बाहेर का नाही आलात? दहा पावलांवर होता तो!"

"आलो असतो तर समेट झाला असता." रिफेत भिंतीकडे बघत बोलत होता. "मग त्याचं इथं काय उरलं असतं? घर विकलं. भांडणही मिटलं. परत कशाला येईल तो? आता भांडण तरी आहे. ते मिटवायला त्याला यावं लागेल."

"त्याला ठाऊक आहे का हे?"

"नाही," तो म्हणाला. "तो तर काल समेट करायलाच आला होता. सारखा तोंड उघडत होता बोलायला. दर वेळी मी बकलावा पुढं केला."

आणि मग तो म्हातारा माझ्यासमोर रडला, कोटाबुटासकट, आणि त्याला एक शब्दही सुनवायचं माझ्या मनात राहिलं नाही.